म्हैसांगची पंचवीस मिनिटं

सूर्यभान तायड्याला एका जागी स्वस्थ बसलेलं दर्यापुरात कोणी पाहिलं नव्हतं. स्टँडवर गाडीचा नंबर लागेपर्यंत बाकीचे ड्रायव्हर सावलीला बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत, गावगप्पा करत. हा मात्र आपल्या काळीपिवळी जीपभोवती घिरट्या घालायचा. टायरला लाथ मारून बघ, आरसा पूस, बॉनेट उघड, पुन्हा बंद कर. दर्यापूर ते अकोला या एकाच रस्त्यावर त्याची बावीस वर्षं गेली होती. त्याची बायको पंचफुला म्हणायची, "याइच्या पायाले भिंगरी हाये. झोपेतबी गेर टाकतात."

पण ही झाली त्याची जन्माची सवय. तिचा कोणाला त्रास नव्हता, त्यालाही नव्हता. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतरच्या सोमवारी जी तगमग त्याच्या जिवाला लागली, ती वेगळी होती.

त्याच्या गाडीतली पुढची खिडकीजवळची सीट कमलाकांत गुरुजींची. गुरुजी दर्यापूरचे, वय चोपन्न, पौरोहित्य करणारे. त्यांचे निम्मे यजमान अकोल्यात, म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळच्या पहिल्या फेरीला ते असायचेच. गाडी स्टँडवरून हलली की त्यांचा फोन सुरू व्हायचा. कोणाला वास्तुशांतीची यादी सांग, कोणाला मुहूर्त. सव्वा मीटर पिवळं कापड, पाच नारळ, आंब्याचे डहाळे. त्या याद्या ऐकून ऐकून सूर्यभानला तोंडपाठ झाल्या होत्या. त्याच्या घरी बुद्धवंदना चालायची, गुरुजींच्या पूजाअर्चेशी त्याला कर्तव्य नव्हतं. तरी दोघांचं जमायचं. गुरुजी कधी चिडवायचे, "सूर्यभान, तू पुढच्या जन्मी विमान चालवशील." हा म्हणायचा, "आमच्यात पुढचा जन्म नसते गुरुजी. भाडं याच जन्मात देऊन टाका." मग गुरुजी पोट धरून हसायचे.

त्या सोमवारी गाडी सात वाजता सुटली. थंडी मरणाची होती. रामतीर्थजवळ गुरुजींच्या हातातून फोन खाली पडला. त्यांनी तो उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो डाव्या हातानं उचलला आणि यजमानाशी बोलायला लागले, तर शब्द एकमेकांना चिकटल्यासारखे येत होते. सूर्यभानला वाटलं, तोंडात सुपारी असेल, थंडीनं जीभ जड झाली असेल.

म्हैसांगला गाडी थांबली. तिथून सहा जणांनी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, लग्नाला जायचं आहे, आमच्यासाठी थांब. ते काही आलेले नव्हते. सहा सीट सोडून जाणं कोणत्याच ड्रायव्हरला परवडत नाही. सूर्यभान उतरायला लागला, तेव्हा गुरुजींनी डाव्या हातानं त्याचा दंड घट्ट धरला. समोरच्या रस्त्याकडे मान हलवली. काहीतरी बोलले, पण त्याचा अर्थ लागेना. त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

सूर्यभाननं तो पाहिला. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला बजावत राहिला की आपल्याला काही दिसलं नव्हतं, अंधूक होतं, मफलर आडवा होता. पण दिसलं होतं.

"गुरुजी, दमानं घ्या ना," तो म्हणाला होता. "सहा सीट येऊन राह्यले. तुमचा मुहूर्त काई पयून नाई जात." आणि हात सोडवून तो चहाच्या टपरीवर गेला होता. चहा प्यायला, दुसऱ्या ड्रायव्हरशी बोलला, टायरला लाथ मारून बघितली. लग्नाची मंडळी पंचवीस मिनिटांनी आली.

आपातापा गाव ओलांडलं आणि गुरुजी गिअरवर कोसळले.

मग मात्र सूर्यभाननं गाडी अशी हाणली की मागचे लोक रडायला लागले. दिवे लावले, हॉर्नवरचा हात काढला नाही, लग्नाच्या मंडळींसकट सगळ्यांना थेट अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. स्ट्रेचरची वाट न बघता त्यानं आणि मागे बसलेल्या, कापसाच्या जिनिंगमधल्या एका मजुरानं गुरुजींना उचलून आत पोचवलं. तरुण डॉक्टरीणबाई धावत आल्या. "हे केव्हा सुरू झालं? नेमकी वेळ सांगा. फार महत्त्वाचं आहे."

"आत्ताच," सूर्यभान म्हणाला. "आपातापाजवळ. वीसेक मिनिटं झाले असतील."

बाईंनी ती वेळ लिहून घेतली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं गेलं. दुपारी गुरुजींची बायको रमा दर्यापुराहून पोचली. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "नशीब, ड्रायव्हरनं अजिबात वेळ घालवला नाही." रमानं भरल्या डोळ्यांनी सूर्यभानपुढे हात जोडले. "भाऊ, तुम्ही नसता तर आज मी कुठे असते?"

तो बाहेर आला आणि त्यानं गाडी धुतली. थोड्या वेळानं पुन्हा धुतली.

गुरुजी वाचले. बारा दिवसांनी घरी आले, ते उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत आणि वाचा गेलेली अशा अवस्थेत. समोरचं सगळं समजायचं, पण बोलायला गेले की तोंडातून एकच आवाज निघायचा, "तेते." पाणी हवं तरी तेते, लाइट बंद करायचा तरी तेते. समोरच्याला कळलं नाही की डाव्या हाताची मूठ गादीवर आपटायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे.

ज्या घराचं सगळं काही एका माणसाच्या जिभेवर चाललं होतं, त्या घराला ना रजा, ना पगार, ना पेन्शन. पहिले आठ दिवस गल्लीतली माणसं येत राहिली, कोणी डबा आणला, कोणी फळं. यजमानांचे फोन महिनाभर आले. मग लोकांनी आपापले दुसरे गुरुजी शोधले, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही नाही. घरात मंगलकार्य थांबून राहत नाही. मुलगी जुईली अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती बॅग भरून घरी आली आणि म्हणाली, कॉलेज सोडते, इथेच कुठे दुकानात लागते.

सूर्यभान रोज संध्याकाळी चक्कर मारायचा, तेव्हा त्याच्या कानावर हे पडलं. तो दारातच उभा होता. त्या घरात तो कधी बसलाच नाही. "काहून सोडतं?" तो म्हणाला. "चार महिन्याची गोष्ट हाये. बापाले अकोल्याले न्यायचं-आनायचं माह्याकडं लागलं. तू पेपर दे."

"काका, तुम्ही आधीच एवढं केलंय," जुईली म्हणाली.

तो चप्पल घालून चालू पडला.

घरी त्यानं पंचफुलाला विचारलं, त्या माउलीसाठी काही काम आहे का बघ. पंचफुला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. सत्तर पोरींच्या पोळ्या लाटायला एक बाई कमीच होती. पण तिनं भुवया उंचावल्या. "थ्या बामनाच्या बाईले? ते येईन काय आपल्या हाताखाली?"

"इचारून तर पाय."

पंचफुला गेली आणि तिनं आडपडदा न ठेवता विचारलं. "रमाताई, काम कष्टाचं हाये. चार वाजता भट्टी पेटते. माह्या संग कराव लागन, माह्या हातचा च्या प्याव लागन. जमते का सांगा."

रमा म्हणाली, "पोळ्या मला येतात. चहात साखर कमी टाकत जा."

दोघींचं तेव्हापासून जे जमलं ते जमलं. पहिल्या आठवड्यात रमाचे हात खांद्यापासून सुजले, पंचफुला तिला बामचा डबा देऊन म्हणायची, होते सवय. सकाळची पाळी आटपून रमा दहाला घरी यायची. आठवड्यातून तीन दिवस त्याच वेळी सूर्यभानची गाडी दाराशी लागलेली असायची. गुरुजींना पुढच्या सीटवर उचलून बसवायचं, पट्टा बांधायचा, रमाला मागे बसवायचं आणि अकोल्याला व्यायामाच्या मॅडमकडे न्यायचं. भाड्याची गोष्ट काढली की तो कानावर हात ठेवायचा.

फेब्रुवारीत ड्रायव्हरांच्या संघटनेनं त्याचा सत्कार ठरवला. स्टँडवर खुर्च्या मांडल्या, माइक लावला. अध्यक्ष म्हणाले, "जीव गेला असता जीव. आपल्या सूर्यभाननं एक मिनिट वाया घालवलं नाई." टाळ्या पडल्या. त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. पुढच्या रांगेत रमा होती, जुईली होती, आणि खुर्चीत गुरुजी. गुरुजी त्याच्याकडे एकटक बघत होते. टाळ्या वाजवायला दुसरा हात नव्हता, म्हणून ते डावा हात मांडीवर आपटत होते. त्या आपटण्याचा अर्थ शाबासकी की दुसरंच काही, हे सूर्यभानला उमगेना. दोन शब्द बोला असा आग्रह झाला, तेव्हा तो "गाडीचा नंबर लागला" म्हणून उठला. नंबर लागलेला नव्हता.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली आणि भूकही. म्हैसांगला गाडी थांबवून ठेवणंच त्यानं बंद केलं. सीट उतरले की गिअर टाकायचा, वाट कोणाची बघायची नाही. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, सूर्यभान, तुझ्या मागे पोलीस लागलेत काय?

एकच माणूस होता ज्याला सगळं ठाऊक होतं. त्यानंच दंड धरला होता, त्यालाच उत्तर मिळालं होतं. आणि त्याची वाचा गेली होती. ती परत यावी म्हणून सूर्यभान स्वतःच त्याला आठवड्यातून तीनदा अकोल्याला नेत होता.

व्यायामाच्या मॅडमचं नाव प्रियदर्शनी. हात-पाय हलवून घेता घेता त्या बोलण्याचाही सराव घ्यायच्या. एक दिवस त्यांनी रमाला सांगितलं, "पाठ असलेलं आधी परत येतं. आकडे, वार, गाणी, रोजचं म्हणणं. ते मेंदूत दुसरीकडे साठलेलं असतं. घरी, प्रवासात म्हणून घेत जा." रमाला लाटण्यापुढे आणि दुखण्यापुढे वेळ कुठला? सूर्यभान म्हणाला, "गाडीत मी घेतो."

मग दर्यापूर ते अकोला, अकोला ते दर्यापूर, तो म्हणत जायचा. "सोमवार. म्हना गुरुजी. मंगळवार." मागचे प्रवासी आधी हसले, मग त्यांनाही चेव चढला. एखादी म्हातारी मागून ओरडायची, "बुधवार म्हन रे बाप्पा!" गुरुजी लाल व्हायचे, ओठ वेडेवाकडे करायचे, निघायचं तेते.

मार्चच्या शेवटी एका दुपारी गाडी म्हैसांगच्या पुलावर आली. खाली पूर्णा जवळजवळ आटलेली. या पुलावर गुरुजी पूर्वी न चुकता हात जोडून एक श्लोक म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि तो श्लोक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खणखणीत म्हटला. एकही शब्द अडला नाही.

सूर्यभाननं पुलाच्या पलीकडे करकचून ब्रेक मारला. मागे रमा पदरात तोंड खुपसून रडत होती. "बोला," ती म्हणाली, "अजून बोला. पाणी म्हणा. पाणी." गुरुजींनी तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं. तेते. पुन्हा तेते. मग त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

सगळी गाडी आनंदली होती आणि सूर्यभानही हसत होता. पण मनात तो पुढचा हिशेब करत होता. आज श्लोक आला. उद्या पाणी येईल, परवा रमा येईल, आणि मग एक दिवस म्हैसांग येईल. माणूस बरा व्हावा म्हणून आपण जिवाचं रान करतो आहोत, आणि त्याच्या प्रत्येक नव्या शब्दाची आपल्याला धास्ती वाटते आहे, हे त्याचं त्यालाच सहन होईना. आपण नेमकं काय मागतो आहोत? एखाद दिवशी तो सकाळी त्यांच्या घरी लवकर जाऊन उभा राहायचा आणि आज गाडी बिघडली म्हणून सांगायचं ठरवायचा. रमा दार उघडायची आणि तो म्हणायचा, चला.

एप्रिलमध्ये उन्हं तापली. एक दिवस म्हैसांगला दोन सीट उतरायचे होते म्हणून गाडी क्षणभर थांबली. गुरुजींनी डाव्या हातानं त्याचा दंड धरला. तसाच, त्या दिवशीसारखा. टपरीकडे बोट दाखवलं. मग सूर्यभानकडे. "तू," ते म्हणाले. स्पष्ट. "तू... तू..."

सूर्यभान गाडीतून उतरला. गाडीभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली. प्रवासी ओरडायला लागले तेव्हा आत बसला आणि दर्यापूर येईपर्यंत त्यानं वारांचा सरावही घेतला नाही.

घरी येऊन त्यानं पंचफुलाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं भाकर तव्यावर टाकली, उलटली, मग म्हणाली, "म्हनून तुमी तीन महिन्यापासून फिरून राह्यले भुतासारखे. मले वाटलं साखर झाली तुमाले."

"काय करू?"

"त्याइचं तोंड उघडाच्या आंधी तुमचं उघडा. आत्ता जा. जेवन मंग."

तो गेला तेव्हा रमा ओसरीवर गहू निवडत होती. जुईली परीक्षा देऊन आली होती, पुस्तकं लावत होती. गुरुजी आत झोपले होते. रमा म्हणाली, बसा भाऊ. तो बसला नाही. उभ्या उभ्या, एका दमात, रामतीर्थच्या फोनपासून दवाखान्यातल्या खोट्यापर्यंत त्यानं सांगून टाकलं. ओठ वाकडा दिसला होता, हेही सांगितलं.

रमाचा हात सुपात थांबला. "किती वेळ थांबला होता?"

"पंचवीस मिनिटं."

"आणि डॉक्टरांना म्हणालात आत्ताच झालं."

"हाव."

जुईली उठून दारात आली. "आणि शाल घेतलीत?"

"आता जा तुम्ही, भाऊ," रमा म्हणाली.

पुढच्या खेपेला त्यांच्या दाराशी गाडी लावायची नाही, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. पण पुढची सीट तो रिकामीच ठेवायचा. प्रवासी भांडायचे, मागे चौघांच्या जागी सहा कोंबतोस आणि पुढे कोण येणार आहे? तो म्हणायचा, बुकिंग हाये.

एक दिवस अकोल्याला गाडी लावून तो दवाखान्यात गेला. त्या डॉक्टरीणबाईंना गाठायला त्याला दोन तास बाकापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालाव्या लागल्या. त्यांना त्यानं खरी वेळ सांगितली. म्हणाला, लिहून घ्या, माझं नाव लिहा.

बाई थकलेल्या होत्या, पण त्यांनी ऐकून घेतलं. "इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं," त्या म्हणाल्या. "तुमची खरी वेळ धरली तरी ते आतच दिलं गेलं. नशीब. पण हे पुन्हा कधी करू नका. वेळ टळून गेली असती आणि मी इंजेक्शन दिलं असतं, तर रक्तस्राव होऊन ते गेलेही असते."

"अन् ते पंचवीस मिनिटं? तवाच आनलं असतं तर बोलले असते काय ते?"

"लवकर आणलं असतं तर बरंच झालं असतं, एवढं नक्की. पण किती फरक पडला असता ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

तो बाहेर आला. त्याला वाटलं होतं, आत गेलं की एक तर शिक्षा मिळेल, नाहीतर सुटका. दोन्ही मिळालं नाही. पार्किंगमध्ये आपलीच गाडी त्याला पाच मिनिटं सापडेना.

इकडे रमा नवऱ्याला बसनं न्यायला बघत होती. पहिल्या दिवशी गुरुजींचा पाय पायरीवर चढेना, मागचे लोक घाई करायला लागले, कंडक्टर बिचारा खाली उतरून हात द्यायला आला तर गुरुजी त्याच्यावरच मूठ उगारून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चप्पलच घातली नाही. मॅडमकडच्या पाच-सहा खेपा बुडाल्या. उजव्या हाताची बोटं जरा उघडायला लागली होती, ती पुन्हा मिटली.

पंधराव्या दिवशी सकाळी साडेदहाला रमा स्वतः स्टँडवर आली. हातांना पीठ तसंच होतं. ती सूर्यभानसमोर उभी राहिली.

"मला राग आहे," ती म्हणाली. "तो जाईल असं वाटत नाही. पंचफुलाताईंनाही मी तसं सांगितलंय."

"हाव वहिनी."

"पण ह्यांना बस जमत नाही. उद्या अकराला मॅडमनी बोलावलंय."

"मी दहाले येतो."

"आणि भाडं घ्यायचं. दोघांचं. नाहीतर मी दुसरी गाडी बघते."

ते भाडं हातात घेताना त्याला शालीपेक्षा जड गेलं. पण त्यानं घेतलं. रमा स्टँडवर आली त्याच दिवशी, तिची पाठ वळल्यावर, त्यानं स्टँडवर सगळ्यांना खरं काय झालं होतं ते सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "आता कायले उकरून काढतं? झालं थे झालं." एकदोघांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं. एक मात्र बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मीबी थांबलो असतो रे. सहा सीट म्हंजे सहा सीट." सूर्यभानला त्यानंही बरं वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता गुरुजींचे शब्द एकेक करून परत यायला लागले. अडखळत, उलटेसुलटे. चमच्याला ते किल्ली म्हणायचे, जुईलीला रमा. पण वाक्याची शेपटी हाती लागायला लागली होती. गणपतीनंतर एकदा परतीच्या वाटेवर मागे फक्त रमा होती आणि तिला डुलकी लागली होती. सूर्यभाननं मनाचा हिय्या केला.

"गुरुजी, वहिनीनं सांगतलं ना तुमाले? थ्या दिवसाचं?"

गुरुजींनी मान हलवली.

"तुमाले याद हाये काय?"

गुरुजींनी बराच वेळ शब्द जुळवले. "रामतीर्थ. फोन... पडला." मग हात हवेत फिरवला. "मग... नाही. दवाखाना. मधलं... नाही."

"म्हैसांग?"

"नाही."

सूर्यभाननं गाडी बाजूला घेतली. "मंग उन्हाळ्यात तुमी माहा हात काहून धरला होता? टपरी दाखवली. तू-तू म्हनत होते."

गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. मग आठवलं तसा त्यांचा चेहरा रागावला. "चहा," ते म्हणाले. "मला. चहा. तू... थांबतच... नाही."

ज्याच्या तोंडाला सूर्यभान तीन महिने भ्याला, त्या माणसाला काही आठवतच नव्हतं. त्याला नुसता चहा हवा होता. म्हणजे तो ओघळलेला ओठ, ती पकड, ते आपलं वाक्य, हे सगळं आता जगात एकट्या त्याच्यापाशीच उरलं होतं. त्यानं म्हैसांगला गाडी थांबवली, दोन चहा आणले, एक गुरुजींच्या डाव्या हातात दिला. स्वतःचा त्याला अर्ध्यावर टाकावा लागला.

आज गुरुजी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. अकोल्याचा त्यांचा भाचा सौमित्र हाताची कामं करतो आणि गुरुजी बाजूला पाटावर बसून मंत्र म्हणतात. महिन्याला तीन-चार जुने यजमान तरी बोलावतात. मंत्रात चूक होत नाही. पूजा झाल्यावर यजमान तब्येत विचारतात, तेव्हा मात्र शब्द पळतात आणि सौमित्रला उत्तर द्यावं लागतं. जुईली अमरावतीत एका प्रयोगशाळेत लागली आहे. रमानं वसतिगृहाचं काम सोडलेलं नाही. पंचफुला रजेवर असली की सगळं स्वयंपाकघर तिच्या अंगावर असतं. सूर्यभानला ती अजून भाऊ म्हणते. जुईली त्याच्या गाडीत बसली तर मागे बसते, भाडं आधी देते आणि खिडकीबाहेर बघते.

सूर्यभान अजूनही तोच रस्ता चालवतो. फरक एवढाच, की आता तो आरशात रस्ता कमी आणि माणसांची तोंडं जास्त बघतो. गेल्या महिन्यात रामतीर्थहून एक जण चढला. गमछ्यानं अर्धा चेहरा झाकलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. सूर्यभाननं गाडी जागच्या जागी थांबवली आणि लकवा ओळखायची, मॅडमकडून शिकलेली परीक्षा सुरू केली. "भाऊ, दोनी हात वर करा. हसून दाखवा."

"कावून हसू?" तो माणूस तोंडातल्या तोंडात म्हणाला.

तेवढं पुरे झालं. सूर्यभाननं दिवे लावले. म्हैसांगला हात करणारे चार सीट तसेच धुळीत उभे राहिले. आपातापा मागे पडलं. मागून तो माणूस सांगत होता की दाढ सुजली आहे, दातवाल्याकडे चाललो आहे, त्याचं दुकान अकराला उघडतं, तोवर बहिणीकडे चहा घ्यायचा होता. सूर्यभान ऐकायला तयार नव्हता. दवाखान्याच्या दारात उतरवलं तेव्हा त्या माणसानं गमछा काढून त्याला गाल दाखवला आणि दर्यापूरपासून अकोल्यापर्यंतच्या सगळ्या ड्रायव्हरांचा उद्धार केला.

"तरी एक बार दाखवून घ्या," सूर्यभान म्हणाला, आणि त्याच्याबरोबर आत गेला.